कोमट पाण्यात दोन थेंब

लोणावळा
९ सप्टेंबर १९७४

प्रिय चंद्रा,

अनेक आशीर्वाद. जूनपासून मी लोणावळ्याला आले आहे, हे तुला कुणाकडून कळलं असेलच. तालुक्यातल्या नर्सेस आणि सुईणींच्या शिक्षणाचं काम आता माझ्याकडे आहे. येऊन तीन महिने झाले, तरी तुला पत्र लिहायला आज सवड मिळते आहे. वॉर्डात तू माझ्या हाताखाली होतीस तेव्हा आठ दिवस बोलले नाही, तर तोंड फुगवून बसायचीस. आता फुगू नकोस.

कामाचं लिहिते. २५ ते २७ नोव्हेंबर असा तीन दिवसांचा वर्ग घ्यायचा आहे. नर्सेस, सुईणी, आरोग्यसेवक मिळून चाळीस जण येतील. आहार, लसी हे सगळं शिकवून झालं. या खेपेस इथल्या मुख्य डॉक्टरांनी वेगळाच विषय दिला आहे : आई आणि मूल यांच्यातलं दारू-तंबाखूचं व्यसन. मला आधी हसू आलं. दारू पुरुषांची, बायकापोरांचा तिच्याशी संबंध मार खाण्यापुरता! पण डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मशेरी लावणाऱ्या बायकांची मुलं वजनाला कमी भरतात, असा मला दाट संशय आहे. आणि अंगावरच्या मुलांना झोपवायला काय काय चाटवतात, ते एकदा वाड्यांवर जाऊन पाहा."

तेव्हा तुझ्या उपकेंद्राखालच्या सहा वाड्यांची माहिती हवी. मशेरी किती जणी लावतात, गरोदरपणी सोडतात का, मुलांची वजनं काय, तान्ह्यांना दारू देतात का. असल्या खुळ्या गोष्टी या अडाणी बायकांच्या डोक्यात कोण भरवतं, तेही कळलं तर लिही.

आणि वर्गात अर्धा तास तू बोलायचंस. माझ्या चाळीस विद्यार्थिनींत बोलायला तुझ्यासारखी दुसरी नव्हती. नाही म्हणू नकोस.

तुझी
मनोरमाताई

*

पिंपळदरा, ता. मावळ
२४ सप्टेंबर १९७४

ती. मनोरमाताईंस,

चंद्रभागेचा सा. नमस्कार. पत्र पोचायला आठ दिवस आणि वाड्या फिरायला सात, म्हणून उशीर.

सहा वाड्यांत मूल होण्याच्या वयाच्या ८३ बाया. पैकी ६१ मशेरी लावतात. गरोदरपणी सोडणारी एकही सापडली नाही, उलट वाढवतात. पोटात मळमळलं की मशेरी, भूक मारायची तर मशेरी. एक जण म्हणाली, "बाई, जेवान न्हाई मिळालं तरी चालंल, पर मशेरीबिगर डोळं उघडत न्हाईत." तव्यावर तंबाखू भाजताना घरभर धूर होतो, त्यात पोरं खोकत असतात. बाळाला दात यायला लागले की त्याच्याही हिरड्यांना तीच बोटं. वजनाचं डॉक्टर म्हणतात ते खरं असावं. आमच्याकडे दोन किलोचं मूल झालं, तर सुईण "बरं हाय" म्हणते.

कबुली द्यायची तर मीही मशेरी लावायची. सासरी सवय लागली, नवरा गेल्यावर ती वाढली, तुमच्या वॉर्डातही चोरून चालायची. पाच वर्षं झाली सोडून.

दारूचं म्हणाल, तर भातलावणीच्या दिवसांत तान्ही पोरं बांधावर झोळीत ठेवावी लागतात. ती निजावीत म्हणून काही जणी बोट बुडवून चाटवतात. सगळ्या नाही. गेल्या वर्षी एका वाडीवर एक मूल त्यात गेलं, असं म्हणतात.

वर्गात बोलायचं मात्र मला सांगू नका. उपकेंद्र सोडून येणं जमणार नाही. आणि बोलायची सवयही राहिली नाही.

आपली
चंद्रभागा

*

लोणावळा
३ ऑक्टोबर १९७४

प्रिय चंद्रा,

माहिती फार कामाची आहे. डॉक्टरांना दाखवली. "ही बाई कोण?" म्हणून विचारलं त्यांनी. मी ऐटीत सांगितलं, माझी विद्यार्थिनी.

बोलायला का नको म्हणतेस, ते माझ्या लक्षात आलं. मशेरीची लाज वाटते ना? अगं वेडे, जिनं स्वतः सोडली, तिनंच तर सांगायला हवं! माझ्यासारखीनं उपदेश केला तर कोण ऐकणार? तेव्हा तुझं नाव मी कार्यक्रमात घातलं आहे.

आता ते गेलेलं मूल. "असं म्हणतात" एवढ्यावर डॉक्टरांचं समाधान होईना. आम्ही तुझ्याकडून आलेल्या मृत्यूंच्या नोंदी काढल्या. जुलै ७३, कोंडवाडी, नवसू बहिरू, वय पाच महिने, कारण न्युमोनिया. लावणीच्या दिवसांतलं अंगावरचं मूल तेवढं एकच. तेच का? म्हणजे घरच्यांनी तुलासुद्धा फसवलं तर!

कोंडवाडीला शिकलेली सुईण अंबूबाई आहे. आपणच तिला शिकवलं, बाळंतपणाच्या सामानाची पेटी दिली. तिनंच जर आईला हे शिकवलं असेल, तर ते फार वाईट. डॉक्टर चिडले आहेत. याचा तपास करायलाच हवा म्हणतात.

तुझी
मनोरमाताई

*

पिंपळदरा
१० ऑक्टोबर १९७४

ती. मनोरमाताईंस,

सा. न. पत्र पोचलं.

अंबूबाईनं काही सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. ती जुनी बाई आहे, तिला कशाला त्रास? मूल जाऊन सव्वा वर्ष झालं. त्या घरानं पुष्कळ सोसलं आहे. आता ते उकरून काढून काय मिळणार?

माझं नाव कार्यक्रमातून काढावं, ही विनंती.

आपली
चंद्रभागा

*

लोणावळा
२८ ऑक्टोबर १९७४

प्रिय चंद्रा,

२२ तारखेला मी आणि डॉक्टर कोंडवाडीला जाऊन आलो. तू पवनानगरच्या शिबिराला गेल्याचं कळलं, म्हणून भेट झाली नाही. तुझ्या भागात तुझ्यामागं गेलो, याचा राग मानू नकोस. डॉक्टर थांबायला तयार नव्हते.

त्या मुलाच्या आईला, पुतळाबाईला, भेटलो. पुन्हा दिवस गेलेत तिला, सहावा महिना असावा. दारात उभी राहून एकच वाक्य बोलत होती, "मीच पाजली, बाई. मीच पाजली." कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर गप्प. तिचा नवरा बहिरू अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. त्याचं ताट त्याची भावजय वाढते, बायकोच्या हातचं तो पाणीही घेत नाही, असं शेजारणीनं सांगितलं.

मग अंबूबाईला बोलावलं. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "तू सांगितलंस का दारू द्यायला?" म्हातारी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली आणि म्हणाली, "चुकलं आसंल, सायेब." बस, एवढंच. डॉक्टरांनी तिथल्या तिथं पेटी परत घेतली आणि नाव कमी केलं. पेटी उचलताना मला वाईट वाटलं. आतली कात्री उकळून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. पण पाच महिन्यांच्या लेकराचा जीव गेला, चंद्रा, तिथं दयामाया दाखवून कसं चालेल? वर्गाला तिलाही बोलावलं आहे. इतर सुईणींना त्यातून धडा मिळेल.

तू बोलणार आहेस ना?

तुझी
मनोरमाताई

*

पिंपळदरा
४ नोव्हेंबर १९७४

ती. मनोरमाताईंस,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

नवसूला दारू द्यायला अंबूबाईनं सांगितलं नाही. मी सांगितलं.

गेल्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला पुतळाबाई त्याला घेऊन उपकेंद्रावर आली. तिला आधी दोन मुलं झालेली, दोन्ही वजनाला अगदी कमी, एकही महिनाभर जगलं नाही. हा नवसानं झालेला, म्हणून नवसू. सर्दी होती, हातपाय गार होते आणि रडणं थांबत नव्हतं. मी छाती तपासली, छाती स्वच्छ होती. कपाटात ब्रँडीची बाटली होती. मला १९६० सालचा तुमचा तास आठवला. मुलांच्या वॉर्डात थंडीच्या दिवसांत तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, "गारठलेलं बाळ रडत असेल तर कोमट पाण्यात दोन थेंब ब्रँडी द्यावी, बाळ शांत झोपतं." माझ्या वहीत ते लाल पेन्सिलीनं अधोरेखित आहे. मी लहान शिशीत थोडी ब्रँडी घालून दिली, कसं द्यायचं ते सांगितलं. पोर झोपलं.

आठ दिवसांनी ती परत आली. खुशीत होती. "बाई, तुमचं औशद लय गुनाचं. पोर झोळीत गपगार निजतंय, मला लावनी करता येतीया. आनिक द्या." ताई, मी तिथंच थांबवायला हवं होतं. ओटीवर तीस माणसं होती, एक बाळंतीण आत कण्हत होती. मी वर न बघता म्हणाले, "ते संपलं. औषध कसलं, दारूच असते ती." मला म्हणायचं होतं की त्यात काही विशेष नाही, त्याच्यावाचून अडत नाही. तिनं ऐकलं ते असं, की दारू कुठलीही चालते. घरात बहिरूची हातभट्टीची बाटली होतीच.

थेंबांचा चमचा कधी झाला, तिलाही सांगता येत नाही. त्या दिवशी तिनं सकाळी त्याला चमचाभर पाजली, झोळीत घातलं आणि चार खाचरं लावून संपवली. दुपारी अंगावर घ्यायला गेली, तर अंग थंड, ओठ निळे. तशीच चिखलाच्या पायांनी पळत माझ्याकडे आली. अंबूबाई तिच्यामागं होती. मी त्याच्या तोंडाशी वाकले आणि मला वास आला. अंबूबाईलाही आला.

पुतळाबाई म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं तसंच केलं मी. चमचा जादा झाला का?"

याला मी काय उत्तर दिलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "गप्प राहा. दारू पाजली म्हणून कुणापुढं बोलू नकोस, पोलीस नेतील तुला." आणि वहीत न्युमोनिया लिहिलं.

बहिरूला बाटली कमी झालेली दिसली, त्यावरून तो समजायचं ते समजला. ती त्याला एवढंच म्हणाली, "मीच पाजली." माझं नाव तिनं घेतलं नाही. मी घालून दिलेल्या भीतीपायी घेतलं नाही.

पेटी गेल्यावर मी अंबूबाईकडे गेले. विचारलं, खरं का नाही सांगितलं? ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "तुमचं नाव घेतलं आस्तं, तर तुमास्नी हलवलं आस्तं. तुमी यायच्या आदी तीन वरसं हितं नर्स न्हवती. त्या तीन वरसांत कुनाकुनाला म्या माती दिली, ते मला ठावं हाय. पेटीचं काय एवडं? पेटी न्हवती तवाबी बाया बाळंत हुतच हुत्या."

तिच्यासमोर मला बसवेना. उठून आले.

तुमच्या तासाचं मी लिहिलं, ते तुमच्यावर ढकलायला नाही. दोन थेंब तुमचे होते. पुढचं सगळं माझं. आता तुम्ही म्हणाल तसं.

चंद्रभागा

*

लोणावळा
९ नोव्हेंबर १९७४

प्रिय चंद्रा,

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागच आला. वाटलं, मी असं कधी सांगितलं? ही चुकते आहे. मग ट्रंकेतून जुनी टाचणं काढली. सांगितलं होतं. नुसतं तुमच्याच वर्गाला नाही. मला माझ्या सिस्टरनं शिकवलं, मी तुम्हाला शिकवलं आणि नंतर सगळ्या वर्गांना शिकवत राहिले. ६५ साली सुईणींसाठी सायक्लोस्टाइल केलेला कागद निघाला. त्यात सातव्या ओळीत ते आहे आणि खाली माझं नाव आहे. किती वाड्यांवर तो कागद गेला असेल, मला माहीत नाही. मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आणि मी तुलाच विचारलं होतं, असल्या खुळ्या गोष्टी यांच्या डोक्यात कोण भरवतं म्हणून.

आता मी लिहिते, ते नीट वाच. अंबूबाईची पेटी मी परत मिळवून देते. पुरावा अपुरा आहे, म्हातारी घाबरून काहीतरी बोलली, असं डॉक्टरांना पटवता येईल. वर्गात मी तक्त्यांवरून शिकवेन. ब्रँडी देऊ नये, हेही सांगेन. पण पूर्वी कुणी काय सांगितलं, ते काढायची गरज नाही. तू काही बोलू नकोस, काही लिहून देऊ नकोस. तुझी नोकरी जाईल. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. गेलेलं मूल तर परत येत नाही.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तरी पाठवते आहे.

मनोरमा

*

पिंपळदरा
२० नोव्हेंबर १९७४

ती. मनोरमाताईंस,

सा. न. दिवाळीच्या चौथ्या दिवशी मी कोंडवाडीला गेले. तुमचं पत्र पोचलं होतं. तरी गेले.

पुतळाबाई एकटीच होती. बहिरू कोळसा पाडायच्या कामावर रानात गेलेला, महिनाअखेरीस येणार. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "पुतळाबाई, नवसूच्या बाबतीत चूक माझी होती. पहिली दारू मी दिली. दारूच असते ती, असंही मीच म्हणाले. आणि पोलिसांचं भय घातलं, ते स्वतःला वाचवायला."

ती वरई पाखडत होती. सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच म्हणाली, "मला वाटलं, माजंच आयकायचं चुकलं."

"नाही. माझं सांगायचं चुकलं."

"सव्वा वरीस मी रोज मनात त्यो चमचा भरतीया, बाई. किती भरला हुता, किती भरला हुता. आनि तुमी रोज खालच्या वाटंनं जात व्हता."

खालच्या वाटेनं मी जात होते हे खरं. तिचं घर टाळायला वरची वाट मी सोडली होती.

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही, टाकलीही नाही. एवढंच म्हणाली, "हे मला सांगून काय? मला ठावं हायेच की निम्मं. आमच्या मालकास्नी सांगा. माज्याम्होरं नगं. त्यास्नी एकल्याला गाठून सांगा."

तो आला की सांगेन. ताई, मला त्याची भीती वाटते.

सोबत एक कागद आहे. त्यात सगळं लिहिलं आहे, माझ्या नावासकट. तुमचं नाव मी घातलेलं नाही. "माझ्या शिक्षिकेनं" एवढंच लिहिलं आहे. वर्गात तो वाचावा, ही विनंती. मी येत नाही. खालच्या दोन वाड्यांवर गोवर आहे, अकरा मुलं अंथरुणावर आहेत. गोवर खरंच आहे. पण तो नसता तरी मला यायला धीर झाला असता का, हे सांगता येत नाही.

पाकीट अंबूबाईच्याच हाती देते आहे. तिला वर्गाला बोलावलंच आहे. तिला वाचता येत नाही. आत काय आहे, हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिनं ते आणलं नसतं. आणायला तिला सांगणं बरं की वाईट, हेही मला कळत नाही.

चंद्रभागा

*

लोणावळा
२८ नोव्हेंबर १९७४

प्रिय चंद्रा,

अंबूबाई पहिल्या दिवशी सकाळीच आली. पाकीट पदरातून काढून माझ्या हाती दिलं आणि सगळ्यांत मागं, चपला ठेवतात तिथं जाऊन बसली. इतर सुईणी आपापल्या पेट्या घेऊन आलेल्या. हिच्या पुढ्यात काही नाही.

तू मला वाईट म्हणशील तर म्हण, पण मी तुझा कागद पहिल्या दिवशी वाचला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तंबाखूवर बोलले, तक्ते लावले, मशेरीनं मुलाचं वजन कसं घटतं ते सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी विषय होता दारू. मी फळ्यावर "तान्ह्या मुलांना दारू : अंधश्रद्धा" असं लिहिलं. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. मी म्हणाले, "या प्रथेमुळे आपल्याच तालुक्यात एक बालक दगावलं. तिथल्या सुईणीनं..." आणि सगळ्यांच्या माना मागं वळल्या. अंबूबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

मी पर्समधून तुझा कागद काढला आणि वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. "माझ्या शिक्षिकेनं" हा शब्द आला, तिथं थांबले आणि म्हणाले, "ती शिक्षिका मी." मग ६५ सालचा सायक्लोस्टाइलचा कागदही वाचून दाखवला, सातव्या ओळीसकट. फळ्यावरची "अंधश्रद्धा" पुसली. तिथं काय लिहावं ते सुचेना, म्हणून फळा तसाच ठेवला.

मग सुदुंबऱ्याकडची नर्स नंदाबाई उठली. म्हणाली, "मीही देते. अजूनही देते. परवाच दिली." तिच्यामागून आणखी एक. मग एक आरोग्यसेवक. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ जण उठले होते, चंद्रा. वर्ग खरा तेव्हा सुरू झाला. तीन दिवसांत कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, आता थांबेनात. किती दिली तर काय होतं, रडणाऱ्या मुलाला मग करायचं काय, बांधावरची पोरं सांभाळायची कुणी. या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडेही नव्हतं. लावणीच्या दिवसांत वाडीवरची एखादी म्हातारी चार पोरं एकत्र सांभाळील का, यावर सुईणीच बोलत राहिल्या.

वर्ग संपल्यावर डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. तुझ्याकडे आणि माझ्याकडे खुलासा मागणारं पत्र निघेल. माझं शिकवण्याचं काम बहुधा जाईल. तुझी बदली व्हावी असं वरून येईल, पण पिंपळदऱ्याला दुसरी नर्स मिळेपर्यंत तुला हलवू नये, असं ते स्वतः लिहिणार आहेत. सर्व केंद्रांतून ब्रँडी परत मागवण्याचा हुकूम त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिला.

अंबूबाईची पेटी त्यांनी सगळ्यांसमोर तिला परत दिली. तिनं ती उघडली, आत बघितलं आणि मला म्हणाली, "कात्री गंजली, बाई. ठेवनाऱ्यानं पुसली न्हाई." मी पुसली नव्हती.

जाताना तिनं तुझ्यासाठी निरोप दिला : "बाईस्नी म्हनावं, येवडं मोटं पाकीट मी आनलं, मला कळलं आस्तं तर वड्याच्या पान्यात टाकलं आस्तं."

तुझी
मनोरमा

*

पिंपळदरा
१२ डिसेंबर १९७४

ती. मनोरमाताईंस,

सा. न. खुलासा मागणारं पत्र आलं. आहे तसं लिहून पाठवलं. तुमच्या कामाचं काय झालं, ते कळवा.

बहिरू १ तारखेला परत आला. तिसऱ्या दिवशी मी त्याला खळ्यावर गाठलं. नाचणी झोडपत होता. मी म्हणाले, "बहिरूभाऊ, तुमच्या नवसूला दारू द्यायला पुतळाबाईला मी शिकवलं. पहिली शिशी माझी होती."

त्यानं आणखी दोन-तीन काठ्या मारल्या. मग थांबला. "कुनी?"

"मी. तिला ते औषध वाटलं. मी औषध म्हणूनच दिलं होतं. मागून तिला गप्पही मीच बसवलं."

तो खाली बसला. काठी मांडीवर आडवी घेऊन बसला. मला वाटलं होतं, अंगावर येईल. शिव्या देईल. त्या ऐकायच्या, एवढं ठरवूनच गेले होते.

"मग तिनं मला का न्हाई सांगितलं?" तो म्हणाला, आणि मग आपणच, "म्या इचारलंच न्हाई. पोर खाल्लंस म्हनलो. इचारलं न्हाई."

माझ्याकडं न बघता पुढं म्हणाला, "बाटली कुनाची हुती, त्ये तिनं एकदाबी काढलं न्हाई. माजी हुती." पुन्हा काठी उचलत म्हणाला, "तुमी जावा आता, बाई. हितं थांबू नका."

मी आले. आठ दिवस कोंडवाडीकडून काही कळलं नाही. अंबूबाईला विचारायचा धीर नव्हता.

काल दुपारी पुतळाबाई उपकेंद्रावर आली. नवसू गेल्यापासून पहिल्यांदा. बहिरू बरोबर होता. तो आत आला नाही, बाहेर झाडाखाली पाठ करून उभा राहिला. ती म्हणाली, "त्येच म्हनले, चल, मी येतो. पर आत यायचे न्हाईत."

मी तिला तपासलं. आठवा महिना लागतो आहे, मुलाचे ठोके चांगले आहेत, तिच्या अंगात रक्त मात्र कमी. मशेरीचं विचारलं. "सुटली न्हाई, पर सकाळचीच लावते," म्हणाली. खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, तिनं खरं सांगितलं. मी लोहाच्या गोळ्यांचा पुडा काढला आणि नेहमीसारखं म्हणाले, "रोज एक घे जेवल्यावर."

तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलं नाही.

"अशी न्हाई घ्यायची मी," ती म्हणाली. "हे काय हाय, कशासाटी हाय, जादा झालं तर काय हुतं, पोरानं खाल्लं तर काय हुतं, समदं सांगायचं."

बाहेर ओटीवर माणसं खोळंबली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. गोळीत काय असतं, रक्ताला ती का लागते, पोट कसं बिघडतं, शौचाला काळं होतं त्याला घाबरायचं नाही, पुडा मुलांच्या हाती लागला तर जिवावर बेतेल म्हणून तो कुठं ठेवायचा. ती माझ्या तोंडाकडे बघत एकेक शब्द ऐकत होती.

सांगून झालं. मला वाटलं, आता हात सोडेल.

"आता पुन्यांदा सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आपली
चंद्रभागा